ओवोचा खांब

भेटीचं निळं रेशमी वस्त्र दोन्ही हातांवर घेऊन, मान लववून चोइजिल गेरच्या, त्या नमद्याच्या गोल तंबूच्या, दारातून आत आला, तेव्हाच नोर्जमाचं डोकं फिरलं. हा माणूस मान लववतो! देवधर्माला बंदी होती त्या काळात हाच गडी ट्रॅक्टरला साखळ्या बांधून डोंगरावर गेला होता. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी एकेक दगड ठेवून रचलेला ओवो, डोंगरदेवाचं ठाणं, त्याने एका सकाळीत उपसला आणि त्या दगडांनी सरकारी मेंढ्यांचा वाडा बांधला. ओवोच्या पोटातला मधला खांब जाळून टाकायचा हुकूम होता, पण तो काही त्याच्या हाती लागला नाही. लागणार कसा? नोर्जमाच्या आईने, बुदखांदने, तो सरपणाच्या गाडीतून घरी आणला, त्याला नारिंगी रंग फासला आणि गेरच्या दोन खांबांतला एक काढून त्या जागी उभा केला. चोइजिल झडतीला आला आणि त्याच खांबाला पाठ टेकून चहा पिऊन गेला.

आता देवाला परवानगी मिळाली होती. आणि ओवो पुन्हा उभारायच्या समितीचा अध्यक्ष कोण, तर चोइजिल! तेव्हा पाडायला पुढे, आता उभारायलाही पुढे. निलाजरेपणाची कमाल होती. त्याहून जास्त राग नोर्जमाला आईचा आला होता. इतकी वर्षं जिवापाड जपलेलं गुपित आनंदाच्या भरात तिने लामाला सांगून टाकलं होतं.

"आजी, आजचा मुहूर्त आहे," चोइजिल म्हणाला. लामा आणि चार गुराखी त्याच्यामागे दाटीवाटीने उभे होते. "ऊन डोक्यावर यायच्या आत खांब वर उभा राहायला हवा. तुमचे उपकार समिती विसरणार नाही."

"उपकार कसले रे?" आई म्हणाली. " त्याची जागा तिथेच. घेऊन जा."

आईने चहाचा पहिला चमचा नेहमीप्रमाणे खांबापाशी शिंपडला. मग हात पुसत, कुणाकडे न बघता म्हणाली, "मी येऊ का वर? उभा राहताना बघेन एकदा. लांबूनच."

चोइजिल हसला. ते हसू नोर्जमा त्याला कधीच माफ करणार नव्हती.

"आजी, आता हे तुम्हाला का सांगायला हवं? वर बायका चालत नाहीत. पायथ्याशी सतरंजी घालून देतो, मस्त बसा. प्रसाद पाठवतो खाली."

"बरोबर आहे," आई म्हणाली.

"काय बरोबर आहे?" नोर्जमा उसळली. "गाडीत घालून आणला तेव्हा बाईचा हात चालला? रोज सकाळी चहा शिंपडला तो चालला? तेव्हा कुठे होते हे सगळे बाप्ये? शेपूट घालून बसले होते!"

गुराख्यांतल्या दोघांनी माना खाली घातल्या.

"रीत काही मी केलेली नाही, पोरी," चोइजिल म्हणाला.

"मोडलीत मात्र तुम्ही. ट्रॅक्टर लावून."

"नोर्जमा! पाहुण्यांशी असं बोलतात?" आई म्हणाली.

पाहुणे! नोर्जमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचं आयुष्य या खांबाला सांभाळण्यात गेलं, आणि शेवटी तीच मुकाट बसणार. नोर्जमाने एकदम विचारलं, "हा नेलात की छप्पर कशावर उभं राहणार?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. हा विचार कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता.

"नवा खांब देऊ की," चोइजिल म्हणाला. "ट्रक पाठवतो गावात. दुपारपर्यंत येईल."

"आणि तोवर? एका खांबावर छपराच्या माथ्याचं हे जड चक्र कललं की अख्खं छप्पर चुलीवर येईल. चूल पेटलेली आहे."

"गेर उतरवू या," लामा म्हणाला. "सगळे मिळून लागलो तर…"

"मुहूर्त टळेल!" चोइजिल ओरडला. "मी धरतो चक्र. तुम्ही काढा खांब. चला, हात चालवा!"

उंचापुरा माणूस तो. पेटीवर चढला, दोन्ही तळवे छपराच्या लाकडी चक्राला लावले आणि दात आवळले. गुराख्यांनी खांब सोडवून दाराबाहेर नेला आणि घोडागाडीत ठेवला. छपराच्या काठ्या करकरल्या, पण छप्पर राहिलं.

आतापर्यंत नोर्जमाच्या मनात काही बेत नव्हता. चोइजिलचे वर गेलेले हात बघितले आणि तिला सुचलं. तिने आईला दंडाला धरून उठवलं, बाहेर नेलं आणि गाडीत खांबाशेजारी बसवलं.

"अगं, काय करतेस?" आई पुटपुटली. पण उतरली नाही. खांबावर हात ठेवून बसली.

"ए! ए नोर्जमा!" आतून आवाज आला. "आजीला उतरव! बाई वर जाता कामा नये! लामा, थांबवा तिला!"

लामाने गाडीकडे बघितलं, म्हातारीच्या हाताकडे बघितलं. मग पोथी उघडून मोठ्याने पाठ सुरू केला.

"आतून कुणी काहीतरी म्हणतंय वाटतं," एक गुराखी म्हणाला.

"वारा असेल," म्हणत दुसऱ्याने घोड्याचा लगाम हिसडला.

गाडी डोंगराकडे निघाली. नोर्जमा मात्र गेली नाही. ती दारात येऊन उभी राहिली. तिला हा माणूस बघायचा होता.

चोइजिलच्या कपाळावरून घाम ओघळत होता. चुलीची धग खालून त्याच्या पायांना लागत होती. "पाप लागेल तुला," तो म्हणाला.

"लागू दे."

"ट्रक कधी येतोय बघ तरी. हात गळाले माझे."

"सोडा मग. माझं घर जळेल, एवढंच ना? तुम्हाला काय त्याचं?"

त्याने सोडलं नाही. का, ते त्यालाच ठाऊक. पण त्यामुळे नोर्जमाचा राग तसूभरही कमी झाला नाही.

मग डोंगरावरून हाका आल्या. खांब उभा राहिला होता. "हुराई! हुराई!" बरकतीला बोलावणं चाललं होतं. अशा वेळी जो जिथे असेल त्याने तळवे आकाशाकडे करून दोन्ही हात उजवीकडे फिरवायचे, नाहीतर त्याच्या वाट्याचं परत जातं. पुरुषांच्या घोगऱ्या आवाजांत एक चिरका, म्हातारा, बेभान आवाज होता. आई इतक्या जोराने ओरडू शकते हे नोर्जमाला माहीत नव्हतं.

चोइजिलचे ओठ सवयीने हलले, "हुराई". त्याचे खांदेही हलले. काठ्या करकरल्या तसा तो जागच्या जागी थिजला.

नोर्जमाने त्याच्या डोळ्यांत डोळे घातले, आपले दोन्ही हात पुढे केले आणि सावकाश फिरवले.