नकाराला लागलेला उशीर

ऑफिसात ज्याला सगळे पंडित म्हणत, त्याने लिहिलेली लायब्ररी, म्हणजे इतरांना आयता वापरता येणारा कोड, कितीतरी ॲप्समध्ये पासवर्ड तपासायची. त्यामुळे स्वारीचं नाक कायम वर! आज एका अनोळखी बाईची मेल आली. चुकीच्या पासवर्डला तुमची लायब्ररी नकार देते खरी, पण सुरुवातीची जितकी अक्षरं बरोबर, तितका नकार किंचित उशिरा येतो. त्या उशिरावरून चोर एकेक अक्षर ओळखेल.

"डोळ्याचं पातं लवायच्या आत नकार येतो! तेवढा उशीर मोजत कोण रिकामटेकडं बसलंय?" असं खेकसून पंडिताने मेल उडवून टाकली.

घरी चपला काढतो न काढतो तोच बायकोने विचारलं, "आईंना फोन केलास?"

पंडित क्षणभर थांबला. "केला की."

"नाही केलास."

"तुला काय माहीत?"

"केला असतास तर पटकन बोलला असतास. थाप मारायची असली की आधी आवंढा गिळतोस."

पंडिताने आवंढा गिळला. निमूटपणे आईला फोन लावला. मग उडवलेली मेल परत शोधून त्या बाईला उत्तर लिहिलं, "तक्रार मान्य. लायब्ररी बापावर गेली आहे."