घड्याळजींचं बोट

पक्षीमंडळाचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नुसता ऐकलेला पक्षी वहीत चढवायचा, तर आधी घड्याळजींचं बोट वर जायला हवं. बोट नाही तर नोंद नाही. कारणही तसंच होतं म्हणा. या माणसाने चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, तीसुद्धा आधी कानाला लावून. टिकटिक ऐकूनच आतलं कुठलं चाक अडतंय ते सांगायचे. पक्ष्यांचं तर विचारूच नका!

आणि आता? दोन वर्षं झाली, बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. कावळा ऐकू यायचा, बायकोची हाकही यायची. पण तळ्याकाठच्या उंच गवतात, पाणकणसात बसून किरकिरणारा तो बोटभर वटवट्या त्यांच्यासाठी मुका झाला होता. बायको कानीकपाळी ओरडायची, "अहो, सांगून मोकळे व्हा ना एकदाचे!" सांगतात कसले! सगळं मंडळ ज्या कानांवर विसंबलेलं, ते गेले म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार? दर रविवारी फेरीला जायचे, आणि लोक "काका, काका" करत मागे चालायचे.

गेल्या वर्षीच्या मोजणीत त्यांनी बोट वर केलं नाही. वटवट्यापुढे शून्य चढलं. पक्षीच नाही म्हटल्यावर तळ्याच्या अलीकडच्या काठाचं पाणकणीस कापलं गेलं आणि तिथे फिरायचा रस्ता झाला. नसेलच पक्षी, असं म्हणून घड्याळजींनी मनाची समजूत घातली.

आज पाळी पलीकडच्या काठाची होती. उद्यान खात्याचे साहेब स्वतः आले होते. "पाच मिनिटं थांबतो," ते म्हणाले. "पक्षी असेल तर काठ राहील. नसेल तर सोमवारी कापणी."

सगळे चिडीचूप उभे राहिले. दहा-बारा जणांचे डोळे एका म्हाताऱ्या बोटावर. घड्याळजींच्या कानात नुसती कापूस कोंबल्यासारखी शांतता. पळून जावं म्हटलं तर मागे माणसं, पुढे पाणी.

तेवढ्यात त्यांचं लक्ष दवाखान्यातल्या एका नर्सकडे गेलं. मंडळात नवीन आलेली, वही तिच्याच हातात. तिची पेन्सिल कागदावर टेकायची, थांबायची, मग ती त्यांच्या बोटाकडे बघायची. पुन्हा तेच. हिला ऐकू येतंय! पेन्सिल तिसऱ्यांदा हलली आणि घड्याळजींनी बोट वर केलं.

"आहे!" सगळ्यांच्या तोंडून एकदमच निघालं. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मंडळाचे अध्यक्ष असलेले शाळेतले मास्तर, त्यांच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. घड्याळजींनाही क्षणभर वाटलं, सुटलो बुवा.

"छान," साहेब म्हणाले. "मग नेमका कुठून येतोय ते दाखवा. तेवढ्याच भागाला खुणा करू, बाकीचं कापू."

बोट हवेतच राहिलं. डावीकडे? उजवीकडे? पेन्सिलीला काही दिशा नसते. चुकीच्या बाजूला दाखवलं, तर पक्ष्याचं घरटंच कोयत्याखाली जायचं.

"मला नाही सांगता येणार," अखेर ते म्हणाले. "हिला विचारा. मला दोन वर्षं ऐकूच येत नाही हो."

नर्सने घाबरत घाबरत उजवीकडच्या दाट कोपऱ्याकडे हात केला. साहेबांचा माणूस खुणेच्या काठ्या घेऊन तिकडे गेला. तो कोपरा तरी वाचला.

मास्तर मात्र अलीकडच्या काठाकडे बघत होते, जिथे आता रस्ता होता.

"गेल्या वर्षी मी ऐकला होता तिथे," ते म्हणाले. "दोनदा. तुमचं बोट वर गेलं नाही, म्हणून म्हटलं, किडाच असेल."

मास्तर अगदी हळू बोलले होते. घड्याळजींना शब्दन्‌शब्द ऐकू आला.