कंदांची जागा

दिवाळीच्या सुट्टीनंतर सुनंदा रत्नागिरीला वसतिगृहावर परतली, की आमच्या खोलीत तांबड्या मातीचा आणि उकडलेल्या कंदांचा वास दिवसभर रेंगाळत असे. खिडकीतलं कार्तिकातलं पिवळं ऊन तिच्या सावळ्या मनगटांवर स्थिरावत असे, आणि ती मान तिरकी करून, ओठांतल्या ओठांत हसत, माझ्यासाठी कंद सोलत बसे. संगमेश्वरकडच्या कातकरी वाडीतून संशोधनापर्यंत पोचलेली ती पहिलीच. वाडीला तिचं केवढं अप्रूप.

तिच्या प्रबंधाचा विषयही रानकंदच. एकदा मी तिच्याबरोबर डोंगरात गेले होते. कंद काढून घेतला की वेलाकडचा कंदाचा तुकडा ती पुन्हा रुजायला खड्ड्यात ठेवी, वर माती लोटी आणि तळव्याने हलकेच थोपटी, तान्हं मूल निजवावं तशी. तिची आई शेजारी उकिडवी बसून बघत होती. निघताना म्हणाली, "जागा कोनाला सांगू नको गो बाय. सगले खनायला आले तर आपन खायाचा काय?" मग माझ्याकडे वळून, "तू पन नको सांगू."

मार्गदर्शक सरांना मात्र प्रत्येक कंदाचं नेमकं ठिकाण हवं होतं. "ठिकाणाशिवाय प्रबंध पुढे जायचा नाही," ते शांतपणे म्हणाले. सर वाईट नव्हते, नियमही खोटा नव्हता, आणि आईचंही काही चुकत नव्हतं. इथेच माझी मती गुंग होते.

त्या हिवाळ्यात कातळावरचं गवत वाळून करडं होत गेलं, आणि ती उघड्या लॅपटॉपसमोर हात मांडीत धरून बसून राहू लागली. एका दुपारी म्हणाली, "आयनं जागा लेकीला दाखवली. शिकलेलीला नाय. तू काय केलं असतंस?" मी काहीबाही बोलले. तिने ते ऐकलंही नसावं.

शिमग्याला घरी गेली ती परतलीच नाही. प्रबंध अर्धा राहिला, ठिकाणं लिहायची राहिली. मला तिचा राग आला, अभिमानही वाटला, आणि दोन्हींची लाज वाटली.

आता मी त्याच शहरात शिकवते. वर्गात एखादी मुलगी मान तिरकी करून हसली की मी शिकवता शिकवता अडखळते. काळ सरला की सगळं उमगतं म्हणतात. मला मात्र तिचं न परतणं हे राखणं होतं की गमावणं, एवढंही अजून उमगलेलं नाही.