काजळीच्या जागी दुसरी

अडीच फूट लांबी, सव्वा फूट उंची आणि डाव्या कोपऱ्यात सुकलेल्या सिलिकॉनचा एक जाड ओघळ, एवढी माझी ओळख पुरे. मित्रांनो, मी मासे पाळायची काचेची टाकी आहे. आज मी रिकामी आहे आणि माझ्या तळाला तडा गेला आहे. पण एकेकाळी माझ्यात पाणी होतं. त्या पाण्यात जे घडलं ते कुणाला तरी सांगावं, असं फार दिवस मनात आहे.

मला खिडक्यांना काचा बसवणाऱ्या एका कारागिराने बनवलं. मोठ्या दुकानांच्या काचा कापून उरलेले तुकडे त्याच्याकडे पडून होते. त्यांतून त्याने माझ्या पाच बाजू जोडल्या आणि पाणी भरून मला तीन दिवस दुकानाबाहेर ठेवलं. डाव्या कोपऱ्यातून थेंब ठिबकायला लागला, तेव्हा स्वतःशीच पुटपुटत त्याने बोटाने तिथे आणखी सिलिकॉन फासलं. पुढे मी एका दातांच्या दवाखान्यात गेले. गाल सुजलेली माणसं माझ्यासमोर बसत आणि माशांकडे बघत ठणका विसरायचा प्रयत्न करत. तिथे माझं कौतुक खूप झालं, देखभाल बेताचीच. दवाखाना बंद झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या ओळखीच्या रफूवालीला देऊन टाकलं.

ही रफूवाली फाटक्या कापडात धाग्याला धागा भरून भोक दिसेनासं करायची. लग्न केलेलं नव्हतं, भावाच्या घरी राहायची. भाऊ छापखान्यात कामाला. वहिनीची नोकरी दूरच्या शहरात, ती महिन्यातून एकदा यायची. त्यामुळे भावाची मुलगी बबडी वाढली ती या आत्याच्याच हाताखाली. बबडीमुळे गिऱ्हाइकंसुद्धा रफूवालीला आत्याच म्हणत.

आत्याने मला तिच्या बसायच्या जागेशेजारी ठेवलं. माझ्यात पाच काळ्या मॉली सोडल्या. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट जिवंत पिल्लांना जन्म देतात. त्यांतली सर्वांत मोठी मादी आत्याची लाडकी. तिचं नाव काजळी. सुई बाजूला ठेवून आत्याने काचेला बोट लावलं की काजळी कुठूनही यायची आणि बोटासमोर थांबायची.

काजळीला पहिल्यांदा पिल्लं झाली, तेव्हा माझ्यात वाळूशिवाय काहीच नव्हतं. दुपारपर्यंत बाकीच्या माशांनी पिल्लं खाऊन टाकली. काजळीनेही खाल्ली. बबडी रडून रडून लाल झाली, काजळीला वाईट म्हणायला लागली. आत्याने तिला समजावलं, की माशाला आपलं पिल्लू आणि खाऊ यांतला फरक कळत नाही. लपायला जागा द्यायला हवी होती, ती आपण दिली नाही. चूक आपली. दुसऱ्याच दिवशी तिने बारीक पानांची दाट पाणवनस्पती आणून माझा उजवा कोपरा भरून टाकला.

काजळीचं पोट पुन्हा वाढू लागलं आणि त्याच सुमारास आत्याच्या पोटात दुखायला लागलं. आधी ती कुणाला काही बोलली नाही. मग एके दिवशी शिवता शिवता तशीच वाकून बसून राहिली. इस्पितळात ऑपरेशन करायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी तिने अकरा वर्षांच्या बबडीला माझ्यासमोर बसवलं आणि एकेक गोष्ट सांगितली. खाणं चिमूटभर, दोन वेळा, त्याहून जास्त नाही. पाणी बदलायचं ते पाव हिस्साच, तेही बादलीत एक दिवस ठेवलेलं, कारण नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. माशाला हात लावायचा नाही, जागा बदलायची नाही.

"आणि सारखी डोकावू नकोस," आत्या म्हणाली. "दिवस भरत आले की तिला एकटीला राहू द्यायचं."

बबडीने मान हलवली. मित्रांनो, ती खोटी मान नव्हती. पण आत्या गेल्यावर घर फार रिकामं झालं, आणि त्या रिकामपणात बबडीचा सगळा जीव काजळीवर येऊन बसला. शाळेतून आली की ती दप्तरासकट माझ्यासमोर बसायची. आत्या घरी येईल तेव्हा तिला पुष्कळ पिल्लं दाखवायची, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. मागच्यासारखी एकही खाल्ली जाऊ द्यायची नव्हती.

मोबाइलवर तिने एक प्लॅस्टिकची डबी पाहिली. मादीला तिच्यात कोंडायचं, पिल्लं खालच्या फटीतून निसटतात आणि वाचतात. तिने वडिलांच्या मागे लागून ती आणवली. दिवस अजून पुरे भरले नव्हते, तरी काजळीला जाळीने पकडून डबीत घातलं आणि डबी माझ्या पाण्यात टांगली.

डबी काजळीच्या दोन अंगांएवढीसुद्धा नव्हती. ती वळली की भिंत, पुढे गेली की भिंत. दोन दिवस ती प्लॅस्टिकवर तोंड आपटत राहिली. बबडीला वाटलं तिला भूक लागली आहे, म्हणून तिने आणखी खाणं टाकलं. ते तळाशी साचून सडलं आणि माझं पाणी गढूळ झालं. घाबरून बबडीने रविवारी सकाळी जवळजवळ सगळंच पाणी उपसलं आणि सरळ नळाखाली बादल्या भरून माझ्यात ओतल्या. पाणी थंडगार होतं आणि त्याला औषधाचा वास होता. माझ्या काचेला तो झोंबला, मग त्या जिवांचं काय झालं असेल!

बाकीचे मासे कोपऱ्यात गोळा झाले. काजळी आडवी झाली, पृष्ठभागाशी तोंड उघडत-मिटत राहिली. तिच्या अंगातून सहा-सात फिकट गोळे बाहेर पडले. ती पिल्लंच होती, पण पुरी झालेली नव्हती. पोटाला अजून पिवळा बलक चिकटलेला. एकही हललं नाही. दुपारी काजळीचं तोंड उघडं राहिलं ते मिटलं नाही. घरात बबडी एकटीच होती. तिने डबीचं झाकण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

संध्याकाळी वडील इस्पितळातून आले. त्यांनी काजळीला कागदात गुंडाळून कुंडीत पुरलं आणि बबडीला जवळ घेतलं. आत्या दुखण्यातून उठते आहे, तिला हे कळता कामा नये, असं त्यांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून तेवढीच एक काळी मॉली आणून माझ्यात सोडली.

तीन आठवड्यांनी आत्या आली. भिंतीला धरत चालत होती. सवयीच्या जागी बसली, दम खाल्ला आणि माझ्या काचेला बोट लावलं. नवी मासोळी पाठ फिरवून पानांत शिरली.

"ही कोण?" आत्याने विचारलं.

"काजळीच की," भाऊ म्हणाला. "तुला विसरली असेल."

दिवसभर धाग्यांचे रंग जुळवणारी बाई ती, तिच्या नजरेला असा बदल कसा चुकणार? दोन दिवस त्या घरात तिघंही जपून बोलत होती. बबडी माझ्याकडे फिरकत नव्हती आणि ताटात अर्धं तसंच ठेवून उठत होती. तिसऱ्या दिवशी ती आत्याच्या पायाशी येऊन बसली.

"आत्या, काजळी मेली. माझ्यामुळे."

आत्याने सगळं विचारून घेतलं. डबी कधी आणली, पाणी कसं भरलं, ती किती वेळ तडफडली. बबडीने काहीही गाळलं नाही. आत्याच्या हातातलं कापड मांडीवर तसंच राहिलं. मग ती बोलली.

"मुद्दाम नाही केलंस, मला ठाऊक आहे. पण तुझ्या हातून झालं, तेही खरं. ते लक्षात ठेव. त्याच्यावर रफू करायला जाऊ नकोस."

भावाला मात्र तिने तेवढ्यावर सोडलं नाही. मासा मेल्याचं दुःख मला झेपलं असतं, असं ती म्हणाली. पण आजारी आहे म्हणून घरातली दोन्ही माणसं तोंडावर खोटं बोलतात, ते झेपत नाही. माझ्या दुखण्याबद्दलही असंच काही लपवलं आहेस का, असं तिने विचारलं. भाऊ खाली बघत राहिला. आत्याला तिचं उत्तर मिळालं.

नव्या मासोळीच्याही पोटात पिल्लं होती. दुकानातून आणलेली मादी बहुधा तशीच असते. आत्याला आता उठवत नव्हतं. ती खाटेवरून सांगायची, बबडी करायची. गाभण माशाच्या पोटावर येणारा काळा डाग काळ्या अंगावर दिसत नाही म्हणून पोटाचा आकार बघायचा. पोट चौकोनी दिसू लागलं, मासोळी खाणं सोडून पानांत दडून बसली, तेव्हा माझ्या पुढच्या काचेवर जुना टॉवेल टाकला. पिल्लं झाली ती त्या टॉवेलाआड. बबडीने मोजली तेव्हा चौदा होती. काही आधीच खाल्ली गेली असतील. थकलेल्या आईला तिने जाळीने न पकडता वाडग्यात पाण्यासकट अलगद घेतलं आणि वेगळ्या टबात विसाव्याला ठेवलं. पुढच्या आठवड्यात आणखी तीन पिल्लं मेली. प्रत्येक वेळी बबडीने ते आत्याला सांगितलं.

अकरा पिल्लं नखाएवढी झाली, तेव्हा आत्याला पुन्हा इस्पितळात नेलं. या वेळी ती परत आली नाही.

त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी आत्याची खाट बाहेर काढली. जागा कमी पडते म्हणून मलाही हलवायचं निघालं, तेव्हा बबडी माझ्यासमोर उभी राहिली. आत पिल्लं आहेत, एवढंच ती म्हणाली. वडिलांनी माणसांना थांबवलं. मग सगळ्यांदेखत तिने चिमूटभर खाणं टाकलं आणि बाजूला झाली.

बबडी आता मोठी झाली आहे, नोकरीच्या गावी असते. घर बदलताना माझा तळ चिरला आणि मासे दुसऱ्या कुणाच्या टाकीत गेले. मी गच्चीवर आहे. पावसात माझ्यात पाणी साचतं आणि तड्यातून गळून जातं.

मित्रांनो, तुमच्या घरी पोटात पिल्लं असलेला जीव आला, तर त्याला तुमच्या डोळ्यांपासून लपता येईल अशी एक जागा द्या. तुमची माया त्याला कळणार नाही, अंधार आणि शांतता कळेल. आणि इतकं करूनही तो तुमच्या हातून गेला, तर त्याच्या जागी गुपचूप दुसरा आणून ठेवू नका. तो ज्याचा होता, त्याच्यापाशी जाऊन बसा आणि सांगा.