केसभर खाली

मी एक नादकाटा बोलतोय. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही माझं चित्र पाहिलं असेल. वर दोन पोलादी पाय, खाली एक दांडी. गुडघ्यावर आपटलं की मी एक स्वर देतो. एकच. दुसरा मला येत नाही. तेव्हा एवढं लांबलचक बोलायचा मला कितपत अधिकार आहे, याची मलाच शंका वाटते. पण ज्या माणसाविषयी बोलायचं आहे, तो स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलत नाही. म्हणून हे धाडस.

माझा जन्म कारखान्यातला. तापवून, कापून झाल्यावर एका म्हाताऱ्या कामगाराने कानस घेऊन माझी टोकं घासली. थोडं घासायचा, कानाशी धरायचा, पुन्हा घासायचा. शेवटी म्हणाला, "झालं. आता कधी खोटं बोलू नकोस." त्याने ते गमतीने म्हटलं असेल. मी मात्र मनावर घेतलं.

आधी मी पियानो लावणाऱ्या एका गृहस्थांकडे होतो. त्यांची बोटं आखडली. एक दिवस ते दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ न्यायला आले आणि मला दुकानाच्या काउंटरवर ठेवून म्हणाले, "तुम्ही गिटार वाजवता म्हणे. मग हा तुमच्याकडेच शोभेल." ते दुकान घड्याळजींचं. त्या दिवसापासून मी त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात राहायला गेलो.

घड्याळजींचा चारजणांचा बँड होता. ते मुख्य गिटार वाजवत, फोटो स्टुडिओवाला दुसरी गिटार, त्यांचा मेहुणा बेस गिटार आणि दवाखान्यातला कंपाउंडर ड्रम. गाणारं कुणीच नाही. दर शनिवारी संध्याकाळी कुठल्या तरी पबच्या मागच्या खोलीत नाहीतर क्लबच्या हॉलमध्ये, खुर्च्या सरकवून केलेल्या जागेत ते वाजवायचे.

"गाणारा कधी यायचा?" समोरून कुणीतरी ओरडायचंच.

"निघालाय घरून," घड्याळजी शांतपणे सांगायचे. "तो येईपर्यंत आम्ही वाजवतो."

हा विनोद एकतीस वर्षं चालला. लोक दर वेळी हसत. लोकांचं मला नवल वाटतं. नवं ऐकायला येतात आणि जुन्यालाच टाळ्या देतात.

बँडची एक रीत होती. कार्यक्रमाआधी घड्याळजी मला गुडघ्यावर आपटायचे, माझी दांडी गिटारच्या पोटाला टेकवायचे आणि डोळे मिटून तार पिळायचे. त्यांची गिटार लागली की बाकीचे दोघे आपापली गिटार त्यांच्यावरून लावत. मला ते 'चिमटा' म्हणत. स्टुडिओवाल्याने एकदा गिटारला लावायचा, स्वर बरोबर की चूक ते दाखवणारा दिव्याचा ट्यूनर आणला.

"त्या डबीला कान आहेत का?" घड्याळजींनी विचारलं.

"चिमट्याला तरी कुठे आहेत?"

"चिमटा पोलादाचा आहे. बॅटरी उतरली म्हणून तो उतरत नाही."

हे ऐकून मी फुगलो होतो, हे कबूल करतो. आता आठवलं की लाज वाटते.

माझी एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझा नेमका स्वर जवळ कुणी वाजवला, तर मी खिशातल्या खिशात आपोआप थरथरतो. केसभर वर किंवा खाली असला, तर ढिम्म हलत नाही.

एका शनिवारी बेसच्या पेटीचं कुलूप अडकलं. लोक जमले होते. मेहुणा घाईत होता. टेबलावर मीच हाताशी लागलो. त्याने माझा एक पाय कुलपाच्या फटीत घातला आणि जोर लावला. कट्ट! कुलूप उघडलं. माझे दोन्ही पाय जिथे जुळतात तिथे एक खाच पडली. त्याने मला पँटला पुसून परत जागेवर ठेवलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पेटी उघडली यातच तो खूश होता.

थोड्या वेळाने घड्याळजींनी मला आपटलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. पुन्हा आपटलं.

"आज जरा उतरल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले.

"तुमची झोप झाली नसेल," स्टुडिओवाला म्हणाला. "चला, लोक थांबलेत."

"असेल. पोलाद कुठलं चुकायला!" आणि त्यांनी तार थोडी सैल केली.

मला तेव्हा काही कळलं नाही. स्वतःचा स्वर स्वतःला कसा तपासता येणार? सगळ्या गिटारी माझ्यावरूनच लागत, एकमेकींशी जुळत, लोक टाळ्या वाजवत. असे आठ महिने गेले.

मग एका क्लबने सांगितलं, आमच्याकडे पियानो आहे, परवाच लावून घेतलाय, आमच्या बाई तुमच्याबरोबर दोन धुना वाजवतील. बाई संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. पहिलीच धून सुरू झाली आणि चार ओळींतच पुढच्या रांगेतल्या लोकांनी तोंडं वाकडी केली. बाईंनी हात उचलला.

"तुम्ही आपसात छान जुळलेले आहात हो. पण सगळेच्या सगळे खाली आहात."

त्यांनी पियानोवर एक पट्टी दाबली. माझीच पट्टी. खणखणीत वाजली. मी खिशात होतो, हातभर अंतरावर. आणि मी हललो नाही.

त्या क्षणी मला कळलं.

"लावलं कुणी?" बाईंनी सहज विचारलं.

कंपाउंडर ड्रमकडे बघत राहिला. स्टुडिओवाला हळूच म्हणाला, "हल्ली घड्याळजींना दोनदा सांगावं लागतं." मेहुण्याने तोंड उघडलं, "भावोजी, तो चिमटा..." आणि थांबला. मग खाली वाकून वायर गुंडाळू लागला. त्याला काय आठवलं, की काहीच नाही, मला सांगता येणार नाही. मला काढून पियानोशी ताडून पाहायला कितीसा वेळ लागला असता? पण घड्याळजींनीच खिशावर हात ठेवला.

"चिमटा बरोबर आहे. माझं चुकलं. माझे कान गेले."

पुढच्या आठवड्यात ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने त्याचा नादकाटा त्यांच्या कानामागे टेकवला, मग कानासमोर धरला. "वयाच्या मानाने उत्तम आहेत," तो म्हणाला. घड्याळजींनी त्यातलं 'वयाच्या मानाने' एवढंच घरी आणलं.

बँडने ट्यूनर घेतला आणि मुख्य गिटारला दुसरा माणूस. मेहुणा विचारायला आला होता, "भावोजी, नुसतं बसायला तरी या." घड्याळजी म्हणाले, "सुरात नसलेल्या माणसाने पुढे बसून काय करायचं?" मेहुण्याने चहा तसाच ठेवला. गेला.

आता मी जेवणाच्या टेबलाच्या खणात असतो, जुन्या किल्ल्या आणि घड्याळाच्या पट्ट्यांबरोबर. गिटार कपाटावर आहे, पिशवीत. दुकान अजून चालतं. पण रोज दुकान बंद करून आले की घड्याळजी मला बाहेर काढतात. मला आपटण्याआधी ते डोळे मिटतात आणि आठवणीतून स्वर गुणगुणतात.

"आला वाटतं तुमचा गाणारा," आतून त्यांची बायको म्हणते. पूर्वी ती हे हसून म्हणायची.

खणातल्या किल्ल्यांपासून दूर, त्यांच्या तळहातावर, मी तो स्वर ऐकतो आणि हलत नाही. कारण तो बरोबर असतो. कारखान्यातल्या म्हाताऱ्याने मला दिला होता, अगदी तोच.

मग ते मला गुडघ्यावर आपटतात, कानामागे टेकवतात. क्षणभर ऐकतात. "बघ," स्वतःशीच म्हणतात, "आजही चुकलोच." आणि आपला खरा आवाज हळूहळू खाली ओढतात, माझ्यापर्यंत. मग मला हाताने गप्प करून ते एकदा शेवटचं गुणगुणतात.

तुम्ही कुणी त्या घरी गेलात, तर एवढंच करा. मला उचला, कुठल्याही पियानोशी, नाहीतर त्या दिव्याच्या डबीशी ताडून पाहा, आणि त्यांना सांगा की संशय माझ्यावर घ्या. मला एकच स्वर येतो, आणि तोही आता येत नाही. मला ते सांगता येत नाही. त्यांचा उतरलेला आवाज माझ्यापाशी पोचतो, तेव्हा मी त्यांच्या तळहातावर आपोआप थरथरतो. आणि त्यांना वाटतं, जुळलं.