गुडघ्याखालची कॉफी

मी कॉफीचा पेला बोलतोय. चिनी मातीचा, मुठीत मावेल एवढा, सोनेरी काठाचा आणि बिनकानाचा. कान नाही म्हणून हा ऐकत नसेल, असं माझ्या मालकाला वाटायचं. सगळं ऐकलं हो मी! ऐकून ऐकून विटलो.

तुर्कस्तानातल्या कुताह्या गावच्या एका कुंभाराने मला घडवलं. काठावर सोनं चढवताना तो म्हणाला होता, "जा बाबा, भल्या माणसाच्या ओठाला लाग." त्याचा आशीर्वाद काही फळला नाही. इस्तंबूलच्या बाजारात मला नेशात बेने उचललं. बे म्हणजे सरदार. तुर्की सुलतानाच्या अमलाखालच्या अल्बेनियातला मोठा जमीनदार, सतरा गावांचा मालक, आणि नुकताच सुलतानाच्या संसदेत निवडून आलेला. निवडून आलेला म्हणजे काय, तर त्याच्याच कुळांनी त्यालाच मतं दिली. न देऊन जातात कुठे?

त्याचं राजकारण मी तीन वर्षं अगदी तोंडाजवळून पाहिलं. सकाळी राजवाड्यातला माणूस आला की, "सुलतान आमचे मायबाप." दुपारी तरुण लष्करी अधिकारी आले की, "सुलतान म्हणजे देशाला लागलेली कीड." आणि गावाकडचे डोंगरी लोक भेटायला आले की तुर्की लाल टोपी काढून डोंगरातली पांढरी लोकरी टोपी चढवायची आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणायचं, "आपली भाषा, आपली माती!" वारा येईल तशी पाठ फिरवायची, आणि वर त्यालाच देशसेवा म्हणायचं.

मग सरकारने डोंगरातल्या लोकांच्या बंदुका काढून घ्यायला फौज पाठवली. बे तेव्हा गावाकडे, आपल्या गढीत होता. एका संध्याकाळी झेफ नावाचा डोंगरातला तरुण दाराशी आला. बंदूक द्यायला नकार दिला म्हणून शिपाई त्याच्या मागावर होते.

"बे, आसरा हवाय," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

"आत ये की! बेसा दिली तुला," बे म्हणाला. बेसा म्हणजे दिलेला शब्द. तो मोडणाऱ्याला आमच्याकडे कुत्रंही हुंगत नाही. "उद्या सकाळी पुलापर्यंत मी स्वतः तुझ्या सोबत येतो." आणि प्रेमाचा केवढा पुळका! स्वतःच्या पेल्यातून, म्हणजे माझ्यातून, त्याला कॉफी पाजली. झेफने मला दोन्ही हातांत धरलं. त्याचे हात गार पडले होते. माझ्या उभ्या आयुष्यात चांगल्या माणसाचे ओठ मला तेवढे एकदाच लागले.

सकाळी बेचा पाय दुखायला लागला. "तू हो पुढे, मी आलोच," म्हणाला. पुलावर शिपाई वाट बघत उभे होते. झेफला तिथेच पकडलं आणि आठवड्याच्या आत फासावर दिलं. बातमी आली तेव्हा बे माझ्यातून फुरके मारत म्हणाला, "माझा शब्द फाटकापर्यंतचा होता. फाटकात तर त्याला काही झालं नाही ना?" थू! गढीला शिपायांचा पहारा होता, म्हणून बे झेफच्या भावकीच्या सूडातून वाचला.

१९१२ साली हिवाळ्याच्या तोंडावर शेजारच्या देशांशी लढताना तुर्कांची फौज पळत सुटली. वलोरा शहरात स्वतंत्र अल्बेनियाचा झेंडा लावायचं ठरलं. प्रत्येक मुलखाने आपला एक माणूस पाठवायचा होता. बेची लाल टोपी तडकाफडकी चुलीत गेली. आपल्या मुलखातर्फे आपणच जायचं, पुढे मंत्री व्हायचं, असा त्याचा बेत. पण त्यासाठी डोंगरातल्या वडीलधाऱ्यांनी होकार द्यायला हवा होता, आणि त्यांची बैठक भरली होती झेफच्याच गावी, म्हाताऱ्या प्रेंगच्या घरी. बे मलाही बरोबर घेऊन गेला. गावंढळांच्या भांड्याला तोंड लावायची त्याला किळस यायची ना!

चुलीभोवती सगळे बसले होते. बेने भाषण ठोकलं. "मायभूमी", "रक्त", "पूर्वज", सगळा मसाला त्यात होता. दाराशी काळ्या कपड्यांत झेफची बायको द्राने उभी होती.

"प्रेंगकाका," ती म्हणाली, "हा आपल्या वतीने बोलायला जाणार असेल, तर माझा नवरा मेला कशासाठी, तेवढं मला सांगा. मग मी गप्प बसते."

प्रेंग उठला. एकेकाच्या पेल्यात कॉफी ओतत तो बेपर्यंत आला. मला भरलं. मग त्याने डावा पाय वर उचलला, मला डाव्या हातात धरलं आणि गुडघ्याखालून बेच्या पुढे केलं.

ज्याने आपल्या पाहुण्याचा घात होऊ दिला, त्याला आमच्याकडे अशीच कॉफी देतात. चारचौघांत तोंडाला काळं फासण्यासारखंच ते. असा पेला पुढे आला तर माणूस तिथून उठतो आणि आपल्या पाहुण्याचा सूड घ्यायला निघतो. नाहीतर लाजेने मरतो. माझा मालक काय करतो, म्हणून मीही श्वास रोखला.

तो प्यायला! शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, मिशा पुसल्या आणि विचारलं, "बरं, मग माझं जाणं पक्कं समजू ना?"

एक म्हातारा खो खो हसला. प्रेंग हसला नाही. "बे, एका पाहुण्याला दिलेला शब्द तुला पुलापर्यंत नेता आला नाही," तो म्हणाला, "आख्ख्या मुलखाचा शब्द वलोरापर्यंत काय नेणार? ऊठ. आज तू माझ्या छपराखाली पाहुणा आहेस, म्हणून माझी पोरं तुला पुलापर्यंत सोडायला येतील. तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. आम्ही असं करतो."

झेफच्याच गावच्या पोरांनी त्याला सांभाळून पूल पार करून दिला. वलोराला प्रेंग गेला. त्या गडबडीत मी मात्र तिथेच राहिलो. द्रानेने मला धुतलं आणि कोनाड्यात ठेवलं. माझ्यातून कोणी पीत नाही, आणि माझी तक्रारही नाही. फक्त फोडू नका, साक्षीला उरू द्या, एवढंच मागणं आहे.

कारण देश झाला, आणि नेशात बे अखेर मंत्रीही झालाच. असली माणसं कधी बुडत नसतात. हल्ली म्हणे तो प्रत्येक सभेत छाती फुगवून सांगतो, "स्वातंत्र्याच्या त्या दिवसांत डोंगराने मला घरी बसवून स्वतःच्या हाताने कॉफी पाजली!" लोक टाळ्या वाजवतात.

ते खोटं नाही, बरं का. तुम्ही कधी त्या सभेला गेलात, तर टाळ्या थांबल्यावर त्याला एवढंच विचारा, कोणत्या हाताने?