दोनशेपैकी चौदा

सोमवारी सकाळी नऊ चाळीसला सहाव्या प्लेटमधल्या दोनशे पेशी मोजून झाल्या. त्यातल्या चौदा पेशींत दोन केंद्रकं होती. अशा पेशी एकशे साठच्या आसपास असायला हव्या होत्या. आधीच्या पाच प्लेटचे आकडेही विसाच्या आतच होते.

मोजणारीला लॅबमध्ये सगळे मोजणीबाई म्हणत. तिने पुन्हा मोजलं. चौदाच.

ज्या औषधाची ही चाचणी होती त्याचं लांबलचक रासायनिक नाव कोणी घेत नसे. लॅबमध्ये त्याला ‘लगाम’ म्हणत. एका पेशीच्या दोन होताना तिच्या कमरेभोवती दोरी आवळली जाते, बटव्याची नाडी ओढावी तशी. ओढण्याचं काम एक विकर करतं. लगाम त्या विकराला जखडतो. मग केंद्रकाचे दोन भाग होतात, पण पेशी तुटत नाही. एकाच घरात दोन चुली.

मार्चपर्यंत हे तिला तीनदा जमलं होतं. त्यानंतरचे तीन महिने शोधनिबंध लिहिण्यात गेले. नियतकालिकाच्या तपासनिसांनी आणखी एकदा करून दाखवा म्हटलं होतं आणि मुदत शुक्रवारची होती. या निबंधावर तिची कायम नेमणूक अडली होती.

“औषध शिळं झालं असेल,” लॅबप्रमुख सर म्हणाले. “नवी कुपी फोड आणि या प्लेटा विसर.”

“याच कुपीतलं शेजारच्या लॅबने शनिवारी नेलं, सर. त्यांच्याकडे लगाम बसतोय.”

“मग तुझा हात चुकला.”

“हात चुकला असता तर एखादी प्लेट बिघडली असती. सहाच्या सहा बिघडल्यात. इतकं शिस्तीत चुकायला कारण लागतं.”

ती पेशींच्या खोलीत गेली आणि वर पाहिलं. लगामाला निळा प्रकाश सोसत नाही, तासाभरात औषध निकामी होतं. म्हणून त्या खोलीत पहिल्यापासून निळा अंश नसलेला पिवळा दिवा होता. आताचाही पिवळटच होता, जरा लख्ख इतकंच. तिने कपाटातली एक जुनी सीडी काढून दिव्याखाली तिरकी धरली. प्रकाशाचे रंग फुटले: तांबडा, पिवळा, हिरवा, आणि कडेला निळा पट्टा.

इमारतीचे वायरमन तिचे वडीलच होते. तिने फोन लावला.

“बाबा, पेशींच्या खोलीतला दिवा तुम्ही बदललात?”

“हो मग! किती मिणमिणता होता. आई म्हणाली, पोरीच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. म्हटलं, जरा बरा लावू.”

“मला न विचारता?”

“घरातले दिवे तुला विचारून लावतो का?”

“घरात दिव्याने औषध मरत नाही, बाबा.”

“इथे मरतं?”

“हे मरतं.”

“मग दारावर पाटी लावायची की! विजेच्या खांबावरसुद्धा धोका लिहितात, आणि तुम्ही एवढे शिकलेले लोक!”

तिने दाराकडे पाहिलं. पाटी नव्हतीच.

बाबा शिडी घेऊन आले. लावलेल्या प्रत्येक दिव्याच्या बुडाशी पेन्सिलीने तारीख टाकायची त्यांची जुनी सवय. त्यांनी दिवा उतरवला, चष्मा कपाळावर ढकलला आणि वाचलं, “तीन मार्च.”

तिचा तिसरा प्रयोग नऊ मार्चचा होता. दोनशेपैकी एकशे त्रेसष्ट. याच दिव्याखाली.

“म्हणजे माझा दिवा सुटला,” बाबा म्हणाले, पण आवाजात आनंद नव्हता.

नोंदवहीत नऊ मार्चला प्रकाशाच्या रकान्यात तिच्याच अक्षरात एक शब्द होता: नेहमीप्रमाणे. खोलीत आणखी कोणी काम करत असलं तर मोठा पांढरा दिवा लागे, आणि अशा दिवशी ती कुपीला आणि प्लेटांना प्रकाश अडवायला चंदेरी कागद गुंडाळत असे. त्या दिवशी कोणी होतं का, ते लिहिलेलं नव्हतं.

“तिसरा जमला ना? मग कोण विचारतंय?” सर म्हणाले.

“मी विचारतेय.”

बाबांनी भांडारातून जुन्यासारखाच एक दिवा हुडकला. दुपारी तिने नऊ प्लेटा लावल्या: तीन जुन्या प्रकारच्या दिव्याखाली, तीन नव्या दिव्याखाली उघड्या, तीन नव्याच दिव्याखाली पण कागदात. झाकणांवर अपेक्षित आकडे आधीच लिहिले. एकशे साठ, विसाच्या आत, एकशे साठ.

“पैज लावतेस?” बाबांनी विचारलं.

“पैज कसली? पाढा आहे हा.”

पाच वाजून दहा मिनिटांनी तिने नियतकालिकाच्या संपादकांना पत्र पाठवलं. तिसऱ्या प्रयोगाच्या वेळी प्रकाश कसा होता याची खात्री नाही, नवे आकडे उद्या कळवते. सरांना प्रत गेली. ते केबिनचं दार लावून बसले.

बाबांनी जाण्यापूर्वी दारावर पाटी ठोकली. अक्षर ठळक होतं: दिव्याला हात लावू नये. खाली सही, वायरमन.

मंगळवारी सकाळी सव्वादहापर्यंत मोजणी झाली. गटांची सरासरी एकशे चौसष्ट, अकरा आणि एकशे अठ्ठावन्न. तिन्ही आकडे तिने संपादकांना कळवले आणि खाली एक ओळ जोडली: नऊ मार्चला कागद गुंडाळला होता की नाही, याची नोंद मिळालेली नाही. अकरा वाजेपर्यंत संपादकांचं उत्तर आलेलं नव्हतं.